मदत हवी आहे: सल्फेशन झालेल्या (प्लेटवर लेड सल्फेटचा कडक थर बसलेल्या) बॅटरीत एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) टाकण्याऐवजी काय करावं?

१२ व्होल्ट, ३५ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे क्षमता), झाकणं उघडणारी लेड-ॲसिड बॅटरी. गाडी बरेच महिने उभी होती. डिस्टिल्ड वॉटर भरून २ अँपिअरवर २४ तास चार्ज केली. थोडा वेळ थांबून मोजल्यावर १२.२ व्होल्ट, हायड्रोमीटरवर (ॲसिडची घनता मोजणारं साधन) सहाही सेल १.१९०च्या आसपास. स्टार्टर मारताच व्होल्टेज ९च्या खाली जातं. एकच सेल पडला असता तर विचारलंच नसतं. शॉर्ट झालेला सेल कुठल्याही पावडरने दुरुस्त होत नाही.

एप्सम सॉल्टने प्लेटवरचं कडक सल्फेट विरघळत नाही, हे माहीत आहे. ईडीटीएने (सल्फेट विरघळवायला वापरतात ते रसायन) प्लेटवरचा सक्रिय थर झडण्याची भीती वाटते. ॲसिड वाढवून नुसतं हायड्रोमीटरचं रीडिंग फुगेल. मग १ अँपिअरवर आणखी दोन-तीन दिवस चार्जिंग करावं की पल्स चार्जर (थांबून-थांबून विजेचे झटके देणारा) वापरावा? कोणाकडे आधी-नंतरची लोड टेस्टची (भार टाकून व्होल्टेज किती टिकतं त्या चाचणीची) रीडिंग आहेत का?