सोफ्यावरचे पंच

ऑलिंपिक आलं की घरोघरी पंच तयार होतात, असं म्हणतात ते मला शंभर टक्के पटतं. आमच्या आईसाहेब डायव्हिंगचे गुण "पाणी फार उडालं गं बाई" म्हणून कापतात, आणि खरे पंचही बरेचदा तेच करतात!

पण खरी धमाल २०२४ला, पॅरिसमधल्या कोल्हापूरच्या नेमबाज स्वप्निल कुसाळेच्या फायनलला. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन: आधी गुडघ्यावर, मग पालथं पडून, शेवटी उभं राहून. बाबाही मूळचे कोल्हापूरचे, त्यामुळे पोरगा घरचाच. उभ्याने नेमबाजी सुरू होऊन एकेक गडी बाद व्हायला लागला, तसा त्यांनी पंखासुद्धा बंद करायला लावला. म्हणे, नेम हलेल! ४५१.४ गुणांवर कांस्य पक्कं झालं तेव्हा आम्ही सगळे घामाघूम.