शासेरिओला दोन कप्प्यांत बसवावे का?

गोदाकाठ:
नाशिकमधील आमच्या रविवारच्या चित्रवर्गात मला तेओदोर शासेरिओ (१८१९–१८५६) या फ्रेंच चित्रकारावर बोलायचे आहे. वयाच्या अकराव्या वर्षी तो रेषेला महत्त्व देणाऱ्या अँग्र या चित्रकाराच्या चित्रशाळेत दाखल झाला, १८४६ मध्ये अल्जीरियाला जाऊन आला आणि तेव्हापासून रंगांवर भर देणाऱ्या देलाक्र्वा या चित्रकाराच्या वाटेकडे वळला, अशी मांडणी मी केली आहे. आधी नवअभिजाततावादी (प्राचीन ग्रीक-रोमन कलेच्या धर्तीवर रेखीव) आणि नंतर स्वच्छंदतावादी (भावना आणि रंगांना प्राधान्य देणारा), असे दोन कप्पे पाडणे योग्य ठरेल का?

पंचवटीकर:
बोलायला ही मांडणी सोयीची आहे, पण चित्रांच्या तारखा तिला साथ देत नाहीत. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील ‘एस्थरचा शृंगार’ (एस्थर ही बायबलमधील राणी) हे चित्र १८४१ चे, म्हणजे अल्जीरियाच्या प्रवासाच्या पाच वर्षे आधीचे आहे. हात उंचावून केस सावरणाऱ्या एस्थरच्या देहाची सलग, वळणदार बाह्यरेषा थेट अँग्रच्या तालमीतली आहे. मात्र तिच्या दोन्ही बाजूंच्या सेवकांचे वेश आणि दागिने ज्या रंगांत न्हाले आहेत, ते अँग्रला मानवले नसते. १८४० मध्ये रोमला अँग्रची भेट झाल्यावर, आपले यापुढे जमणार नाही, असे शासेरिओने भावाला पत्रातून कळवलेही होते. गुरूशी बिनसल्यावरही त्याने रेषा सोडली नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

जलरंग:
सहमत आहे, परंतु अल्जीरियाला अगदीच बाजूला सारू नये. १८५३ च्या ‘तेपिदारियम’मध्ये (म्हणजे रोमन स्नानगृहातील कोमट दालन) स्थळ पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरातील स्नानगृह आहे आणि स्त्रियांची ठेवण प्राचीन शिल्पांसारखी आहे, तरी त्या दालनातील सुस्तावलेली ऊब प्रवासाआधीच्या चित्रांत मला दिसत नाही. (गोदाघाटावर जलरंगात काम करणाऱ्यांना ऊन रंगवणे आणि ऊब रंगवणे यांतला फरक वेगळा सांगायला नको.) त्याचे सर्वांत मोठे काम म्हणजे पॅरिसच्या ओर्से प्रासादातील भित्तिचित्रे, ती १८७१ च्या आगीत होरपळली आणि त्यांचे काही तुकडेच लूव्रमध्ये उरले. त्याच जागेवर पुढे रेल्वे स्थानक उभे राहिले आणि आता तिथे जे संग्रहालय आहे, त्यात ‘तेपिदारियम’ लावलेले आहे.

गोदाकाठ:
आभारी आहे. आता सुरुवात ‘एस्थर’पासून करतो. मूळ चित्र जेमतेम दीड फूट उंचीचे असल्याने त्याच आकारात छापून आणता येईल.