मदत हवी आहे: अण्णांच्या पद्मिनीवरची शॉर्ट फिल्म कंटाळवाणी झालीये

मंडळी, इथे आधी लेन्सबद्दल एक-दोनदा विचारलंय पण फिल्मबद्दल पहिल्यांदाच विचारतोय, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमच्या गुहागरात शेजारच्या वाडीत अण्णा म्हणून आहेत, वय सत्त्याहत्तर, त्यांच्याकडे १९७९ ची प्रीमियर पद्मिनी आहे, क्रीम कलर, स्टिअरिंगजवळचा गिअर, सगळं ओरिजिनल. त्यांच्या मोठ्या भावाने मुंबईत घेतलेली, तेव्हा नंबर लावून वाट बघायला लागायची म्हणे. दरवर्षी गणपतीला गिरगावातून निघून कशेडी, परशुराम असे घाट चढत उतरत ही गाडी गावी यायची आणि घाटात हमखास बंद पडायची. भाऊ गेले, वहिनी गेल्या, गाडी इथे राहिली ती राहिलीच. इथल्या खाऱ्या हवेत साधा बिजागर दोन वर्षं टिकत नाही आणि ही गाडी अजून सेल मारला की सुरू होते.

मला दहा-बारा मिनिटांची फिल्म करायचीय. तीन महिने शूट केलं. ड्रोन शॉट आहेत, समुद्रावर गाडी पळतानाचे, सूर्यास्त मागे. ग्रिलचे, पुढच्या त्रिकोणी काचेचे क्लोजअप आहेत, स्लो मोशनमध्ये. ओटीवर खुर्ची टाकून अण्णांचा इंटरव्ह्यू आहे, त्यात ते पासपोर्टचा फोटो काढायला बसल्यासारखे बसलेत आणि "गाडी म्हणजे आमच्या घरातलीच एक व्यक्ती" हे तीन वेळा म्हणालेत. शिवाय माझा व्हॉइस ओव्हर, की कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० डिलाइट १९६४ पासून, १९७४ ला पद्मिनी नाव, १०८९ सीसी इंजिन, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद, वगैरे वगैरे.

सगळं जोडून बायकोला दाखवलं. तिसऱ्या मिनिटाला ती कुकर लावायला उठली आणि परत आलीच नाही. मी स्वतः बघितली तर मलाही जाहिरात बघितल्यासारखं वाटलं, काही चुकलंय हे कळतंय पण काय ते कळत नाहीये. म्युझिक बदलू का? इंटरव्ह्यू परत घेऊ का? व्हॉइस ओव्हर कमी करू? फिल्म आणि पोस्टर सोबत जोडलंय, जाणकारांनी बघून सांगा प्लीज, गणपतीआधी हातात काहीतरी हवं.

सायलेन्सर
व्हॉइस ओव्हर आख्खा काढ. ती माहिती कुठेही मिळते, अण्णा कुठेही मिळत नाहीत. आणि पोस्टरवर 'व्हिंटेज' लिहिलंयस ते खोड, २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज रजिस्ट्रेशनला गाडीला ५० वर्षं व्हावी लागतात, ही २०२९ ला होईल. कुणीतरी कमेंटमध्ये हेच धरून बसेल आणि फिल्म राहील बाजूला.

दुसरं म्हणजे चोक (थंड इंजिनला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून ओढायची कळ) ओढून सेल मारतात तिथे तू गिटार वाजवलंयस. अरे तिथे गिटार कशाला? पहिल्या सेलला न लागणं, मग ती खोकल्यासारखी उचकी, मग हळूहळू बसणारा आयडल, म्हणजे उभ्या गाडीच्या इंजिनचा संथ आवाज, हेच तर ऐकायचं असतं. एक रेकॉर्डर बॉनेटजवळ ठेव, एक आत सीटवर, कॅमेऱ्याच्या माइकवर विसंबू नकोस.

खाडीपल्याड
पुळणीवर, समुद्राच्या वाळूत घातलीस गाडी?? ७९ ची गाडी? खालून सगळं मीठ लागलं असणार, पत्रा आतून खाल्ला की कळतसुद्धा नाही, वरून कलर तस्साच आणि बोट लावलं की आरपार. ड्रोन शॉटसाठी एवढं! अण्णा काही बोलले नाहीत?

धागाकर्ता
@खाडीपल्याड, चूक झाली, मान्य. अण्णा एक शब्द बोलले नाहीत, मागे गप्प बसून होते. घरी आल्यावर विहिरीचा पंप लावला आणि दीड तास गाडीखाली पाइप धरून गोड्या पाण्याने धूत होते, एकेक मडगार्ड आतून हाताने चाचपून. दुसऱ्या दिवशी सुकल्यावर खालून जुनं ऑइल ब्रशने मारलं. मी मदत करत होतो, कॅमेरा बॅगेत होता.

कट टू
कॅमेरा बॅगेत होता. वा.
बरं एक सांग, अण्णा मागे बसून होते म्हणजे गाडी कोण चालवत होतं?

धागाकर्ता
मीच. अण्णांना येत नाही ना चालवायला. लायसन्सच नाही, कधी शिकलेच नाहीत. भाऊ चालवायचे, आता गणपतीत पुतण्या येतो तो चालवतो. अण्णा फक्त दर शनिवारी स्टार्ट करतात, दहा मिनिटं ठेवतात, बंद करतात. मग शेजारच्या पोराला घेऊन गाडी हातभर ढकलतात, टायर एका जागी बसू नयेत म्हणून. पेट्रोल किती टाकलं ते वहीत लिहितात.

सायलेन्सर
आणि हे तू आत्ता सांगतोयस 😂 कुर्ल्याचा कारखाना सांगितलास आधी!

गावठी मालवणी
मी काय म्हणतंय, तेंका गाडीबद्दल इचारूच नको. माणूस गाडीबद्दल बोलूक लागलो की पाठ केल्यासारखा बोलता. गाडीत कोण कोण खंय बसत होता ता इचार. आमच्या आजोबांका जीपबद्दल इचारला तर 'बरी आसा' इतक्याच सांगत, पण जीपीत कोणाक उलटी झाली ता तासभर सांगत.

धागाकर्ता
@गावठी मालवणी, विचारलं! काल संध्याकाळी सहज, कॅमेरा न काढता. दादा चालवायचे, पुढे आई, मागे वहिनी, पोरं आणि डाव्या दाराशी अण्णा. डाव्या दाराशी का, तर घाटात गाडी बंद पडली की पटकन उतरता यावं म्हणून. इंजिन तापलं की इंजिनला पेट्रोल पोचवणाऱ्या छोट्या पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची आणि पुढे कार्बोरेटरला काही जायचंच नाही, मग अण्णा फडकं भिजवून पंपावर ठेवायचे आणि थांबायचे. दादांना बॉनेट कसं उघडायचं तेही धड माहीत नव्हतं म्हणे. हे सांगताना हसले. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

कट टू
ही तुझी फिल्म. एकाला चालवता यायची, दुसऱ्याला चालू करता यायची, आणि आता दुसराच उरलाय.

पण हे वाक्य फिल्ममध्ये कुणाच्याही तोंडी टाकू नकोस, व्हॉइस ओव्हरमध्ये तर नाहीच. जुन्या गाड्यांच्या बहुतेक फिल्म चकचकीत गाडी आणि तिचं कौतुक करणारा मालक एवढ्यावरच संपतात, बघणाऱ्याला पुढे काय होणार असं काही वाटतच नाही. तुझ्याकडे ते आयतं आहे. सुरुवात शनिवारपासून कर. अण्णा ताडपत्री काढतात, बॅटरीची वायर लावतात, आत बसतात, चोक, सेल, गाडी सुरू. एकच शॉट, मध्ये कुठेही कापू नकोस, कितीही लांब झाला तरी. बघणारा गिअर टाकायची वाट बघत राहील. आणि मग ते बंद करून उतरतात. का उतरले ते तिथे सांगू नकोस, पाचव्या-सहाव्या मिनिटापर्यंत राहू दे त्याच्या डोक्यात. धुण्याचा सीन परत मिळाला तर घे, पण त्यासाठी परत पुळणीवर नेऊ नकोस, पावसाआधी ते एरवीही धूत असतील. ड्रोन एक शॉट ठेव हवा तर, मन मोडवत नसेल तर.

इंटरव्ह्यू ओटीवर नको. हाताला काम असताना बोलू दे, चेहरा बॉनेटमध्ये असला तरी चालेल.

खाडीपल्याड
आणि अण्णांना सांग की नुसत्या आयडलवर बॅटरी फारशी चार्ज होत नाही, जरा रेस देऊन ठेवा. फिल्मचं मला काही कळत नाही.

धागाकर्ता
अपडेट. शनिवार शूट झाला, नऊ मिनिटांचा एकच शॉट आहे, दुसऱ्या सेलला लागली. अण्णा मध्येच म्हणाले, "अरे हलणार नाहीये ती, काय घेतोयस एवढं?" ते तसंच ठेवतोय. रेस देण्याचं सांगितलं तर म्हणाले, माहितीये.

आता शेवटचा प्रश्न. गणपतीत पुतण्या येतोय, धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला जाऊन येणार सगळे. गाडीत मला जागा नाही, पुतण्याची बायको पुढे, दोन पोरं मागे आणि अण्णा त्यांच्या डाव्या दाराशी. छोटा कॅमेरा क्लॅम्पने लावता येईल पण एकच आहे. डॅशबोर्डवर रस्त्याकडे तोंड करून लावू का? बोटीवर चढतानाचा शॉट मस्त येईल.

कट टू
पुढच्या सीटच्या पाठीला लाव, तोंड अण्णांकडे. बोट तू धक्क्यावरून घे.