‘चान्सेनकार्टे घ्या, जर्मनीत उतरा, नोकरी तिथे शोधा’ हा सल्ला धोक्याचा आहे

काठावरचा (धागा सुरू करणारा)

परवा इथे एक पोस्ट आली: ‘इथून अर्ज करत बसू नका. चान्सेनकार्टे काढा, जर्मनीत उतरा, तीन महिन्यांत नोकरी हातात.’ खाली एकाने विचारलंय की यासाठी कर्ज काढू का. राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

हे कार्ड, म्हणजे जर्मनीत जाऊन नोकरी शोधण्यासाठी गुणांवर मिळणारा व्हिसा, १ जून २०२४ पासून मिळतं. गुण ६ लागतात आणि ते जमतातही. वय ३५ च्या आत, २. गेल्या ५ वर्षांत पदवीशी जुळणारा २ वर्षांचा अनुभव, २. भाषेच्या पायऱ्या ए-१ पासून सी-२ पर्यंत; त्यात जर्मन ए-२ चा १, इंग्रजी सी-१ चा १. झाले ६. पण हे गुण व्हिसासाठी आहेत. कंपनी ते विचारतही नाही. तिच्या जाहिरातीत ‘सेअर गुटे डॉइचकेंटनिसे’ लिहिलेलं असतं, म्हणजे निदान बी-२ च्या पुढचं जर्मन. ए-२ चा अर्ज तिथेच बाजूला पडतो.

आता पैसे. श्पेअरकोंटोत, म्हणजे आधीच पैसे भरून गोठवून ठेवायच्या खात्यात, २०२५ च्या हिशोबाने महिन्याचे १,०९१ युरो, वर्षाचे १३,०९२. तेव्हाच्या दराने रुपयांत १२-१३ लाख. त्यातून दरमहा ठरलेला हप्ताच बाहेर येतो, आणि घराची अनामत तीन भाड्यांपर्यंत असू शकते. ती सुरुवातीलाच कुठून देणार? खोली मिळाली तरी घरमालकाने राहण्याचा दाखला द्यायला हवा. तो नाही तर आन्मेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंदणी) नाही, आन्मेल्डुंग नाही तर कर क्रमांक नाही. कर क्रमांक नसेल तर आठवड्याला २० तास काम करायची मुभा असूनही पगारावर सगळ्यात चढ्या वर्गाचा कर कापला जाऊ शकतो.

करार इथूनच हातात घेऊन ब्लू कार्डावर (नोकरीचा करार असलेल्या पदवीधराचा परवाना) गेलात तर श्पेअरकोंटोचा प्रश्नच येत नाही.

भर_दुपारी

‘करार इथूनच हातात घेऊन’ हे किती सहज लिहून मोकळे झालात! लहान गावांतल्या मध्यम कंपन्या पहिली मुलाखत व्हिडिओवर घेतात आणि पुढच्या फेरीला कारखान्यात या म्हणतात. कार्डवाला जाऊ शकतो. दोन आठवडे चाचणी म्हणून कामही करू शकतो. त्याला मशीनपुढे उभं राहिलेलं फोरमन बघतो, आणि तिथे मत बनतं. नोकरी मिळाली की देशाबाहेर न पडता ब्लू कार्डावर जाता येतं. बी-१ झालेल्या, स्वतःची बचत असलेल्या मेकॅनिकलवाल्याला तुम्ही उगाच घाबरवताय.

काठावरचा

बी-१ आणि स्वतःची बचत, दोन्ही असतील तर तुमचं मान्य. कर्जावर मुळीच नाही. आणि इथून करार मिळत नाही म्हणणाऱ्यांचे अर्ज कसे असतात तेही बघा.

आनाबिनवर, म्हणजे परदेशी पदव्यांच्या जर्मन सरकारी यादीत, लोक कॉलेजचं नाव शोधतात, सापडत नाही म्हणून हताश होतात. पदवी देणारं विद्यापीठ शोधायचं असतं, उदाहरणार्थ सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ (म्हणजे मान्यताप्राप्त) हवं, शिवाय पदवीची नोंद वेगळी तपासायची, आणि दोन्ही पानं छापून ठेवायची. नोंद नसेल तर परदेशी पदव्या तपासणाऱ्या जर्मन केंद्रीय कार्यालयाकडून पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं, खर्च साधारण २०० युरो. हे व्हिसाच्या तारखेआधी करायचं, नंतर नाही.

दुसरं, आपलं रिलीव्हिंग लेटर. त्यात दोन तारखा आणि ‘शुभेच्छा’. तिकडे आर्बाइट्सत्सॉयग्निस, म्हणजे कामाचं प्रमाणपत्र लागतं: कोणत्या मशीनवर, कोणती जबाबदारी, काम कसं होतं. नोकरी सोडण्याआधीच कामाचं सविस्तर वर्णन असलेलं अनुभवपत्र साहेबांच्या सहीने घ्या.

तिसरं, अपेक्षित पगार. नम्रपणे ४२,००० युरो लिहितात आणि कंपनी आनंदाने तेवढाच देते. इंजिनिअरसारख्या टंचाईच्या पेशांना ब्लू कार्डाची २०२५ मधली किमान पगाराची मर्यादा ४३,७५९.८० युरो होती, इतर बहुतेकांना ४८,३००. मर्यादेखालचा करार घेऊन गेलात तर ब्लू कार्ड नाकारलं जातं. हा आकडा दर जानेवारीत बदलतो.

चौथा_मजला

इंजिनिअरांचं चालू द्या, पण नर्सिंगच्या मुलींना लुबाडलं जातंय त्यावर कोणीच बोलत नाही. एजंट ‘सहा महिन्यांत बी-२’ सांगून पैसे घेतात. जर्मन शिकवणाऱ्या गोएथे संस्थेच्या स्वतःच्या अंदाजाने बी-२ पर्यंत ६०० ते ८०० तासिका लागतात, ४५ मिनिटांच्या. वॉर्डात ड्यूटी करून सहा महिन्यांत कुठून आणणार?

ॲपॉस्टिलचेही, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मिळणाऱ्या शिक्क्याचेही, पैसे घेतात. भारताच्या ॲपॉस्टिलला जर्मनीने मान्यताच दिलेली नाही! लागते ती साक्षांकित प्रत आणि शपथबद्ध अनुवादकाचं भाषांतर. व्हिसा लवकर मिळवण्याच्या ‘फास्ट ट्रॅक’चे पैसेही मुलीकडून. ती प्रक्रिया मालकाने तिथल्या आउसलेंडरबेह्योर्डेत (परदेशी नागरिकांचं कार्यालय) करायची असते, शुल्क ४११ युरो. मुलीने फक्त फोलमाख्टवर (मुखत्यारपत्र) सही करून द्यायची.

मिरज_जंक्शन

सगळ्या एजंटांना एकाच मापाने मोजू नका. गावाकडची जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली मुलगी जर्मन सरकारी पत्र वाचणार कशी? कोणीतरी हात धरायलाच लागतो, आणि हात धरण्याचे पैसे पडतात.

चौथा_मजला

किती पैसे? परदेशी नोकरभरतीला परवाना लागतो. परवानाधारकाने उमेदवाराकडून सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घ्यायचं असतं. सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर परवाना क्रमांक टाकून बघा. पाच लाख मागणाऱ्याची बाजू घेताय तुम्ही!

मिरज_जंक्शन

पाच लाखांची बाजू मी घेतलेली नाही, शब्द माझ्या तोंडी घालू नका. ३०,००० ची मर्यादा बरोबर आहे. पण फसवणूक थांबली म्हणून मुलीचं काम होत नाही. हातात डेफिझिटबेशाइड, म्हणजे शिक्षणाला मान्यता मागणाऱ्या अर्जावरचा निर्णय येतो आणि ती समजते नकार आला. तो नकार नसतो. आपल्या अभ्यासक्रमातले कोणते तास कमी पडले, ते त्यात लिहिलेलं असतं. पुढे दोन वाटा. एक, आनपासुंग्सलेअरगांग, म्हणजे तिथल्या रुग्णालयात काम करत उणे विषय भरून काढायचे. दुसरी, केंटनिसप्रूफुंग, म्हणजे परीक्षा. मान्यता मिळेपर्यंत पगार सहायक परिचारिकेचा. एजंट मात्र पूर्ण परिचारिकेचा सांगतात, इथे मी तुमच्याबरोबर आहे.

चौथा_मजला

मग करारातलं परतफेडीचं कलमही सांगा. वेळेआधी सोडलं तर भाषेचा, प्रवासाचा खर्च परत मागतात. रक्कम आकड्यात आहे का, आणि काम केलेल्या महिन्यांप्रमाणे घटते का, हे बघितल्याशिवाय सही करू नये. राज्य सरकारने २०२४ मध्ये मनुष्यबळ पाठवण्यासाठी बाडेन-व्युर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी करार केला तेव्हा सगळ्यांना वाटलं आता भाषेचं नंतर बघता येईल. पण नर्सला मान्यतेसाठी साधारण बी-२ लागतंच.

भर_दुपारी

धागा चान्सेनकार्टेचा होता. पण याच मुद्द्यावर माझंही म्हणणं दुरुस्त करतो: नर्सने मान्यतेचा अर्ज न करता कार्डावर जाऊ नये. नर्सिंग हा सरकारी परवानगी लागणारा पेशा आहे, मान्यतेशिवाय नर्स म्हणून उभं राहता येत नाही, वर्ष वाया जाईल. इंजिनिअरबद्दलचं मत कायम आहे.

नवीन_सदस्य

कर्जाचा प्रश्न माझाच होता. ए-२ आहे, गुण ६ भरतात. मग काय करू?

काठावरचा

कर्ज थांबवा. बी-१ परीक्षेची फी भरा. वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं हे चार भाग वेगवेगळे देता येतात, प्रत्येकात १०० पैकी ६० हवेत, आणि राहिलेला भागच पुन्हा देता येतो. मॅक्सम्युलर भवनच्या (गोएथेचं भारतातलं नाव) परीक्षांच्या तारखा लवकर भरतात, आजच बघा. बी-१ ने गुणांतही एक वाढतो. तोवर अनुभवपत्र आणि आनाबिनची दोन पानं तयार ठेवा, आणि आठवड्याला निदान पाच अर्ज, प्रत्येकाचं पत्र त्या जाहिरातीसाठी वेगळं लिहून.

भर_दुपारी

पत्रात पहिल्याच परिच्छेदात लिहा की पदवी आनाबिनवर आहे आणि ब्लू कार्डाला पात्र आहे. लहान कंपनीत भरती बघणाऱ्या बाईंना व्हिसाचं काही ठाऊक नसतं, त्या घाबरून नाही म्हणतात.