सुपरहिरोंच्या जुन्या कॉमिक्सचे पहिले अंक: सुरुवात कुठून करू?

सांजवात:
नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत राहते. मुलाबरोबर वाचता वाचता मलाच मार्व्हलच्या जुन्या कॉमिक्सचा नाद लागलाय. १९६०-७०च्या दशकांतले पहिले अंक जमवायचे आहेत, विकायला नाही, घरी वाचायला. स्पायडरमॅन परवडणार नाही हे कळलंय. पाचशे डॉलरांत चार-पाच अंक होतील का? ग्रेड केलेले (म्हणजे तज्ज्ञांनी अवस्था तपासून गुण दिलेले) घ्यावेत की सुटे?

पिंपळपान:
आधी हे ठरवा, तुम्हाला क्रमांक १ हवाय की त्या हिरोचा फर्स्ट अपिअरन्स, म्हणजे तो पहिल्यांदा दिसला तो अंक? बऱ्याचदा ते दोन वेगळे अंक असतात. स्पायडरमॅन आला 'अमेझिंग फँटसी' क्र. १५मध्ये (ऑगस्ट १९६२), त्याचं स्वतःचं मासिक निघालं मार्च १९६३ला. आयर्न मॅन १९६३चा, पण त्याचा क्र. १ मे १९६८चा. कॅप्टन अमेरिकाचं १९६८चं मासिक तर शंभरपासूनच सुरू होतं, कारण तो आधी ज्या मासिकात यायचा त्या 'टेल्स ऑफ सस्पेन्स'चेच आकडे पुढे चालवले.

१९६८लाच एवढी गर्दी का? तोवर मार्व्हलचं वितरण प्रतिस्पर्ध्याच्याच, म्हणजे आजच्या डीसीच्या (सुपरमॅन-बॅटमॅनवाल्या), भावंड कंपनीकडे होतं आणि महिन्याला मोजकीच मासिकं काढता येत. ते बंधन सैल झालं आणि पहिल्या अंकांची रांग लागली. त्यातला 'सब-मरिनर' क्र. १ जरूर घ्या. जॉन ब्युसेमाची चित्रं आहेत, आणि आयर्न मॅनइतकी झुंबड त्याच्यावर नसते.

माझी खरी शिफारस मात्र क्रमांक १ आणि फर्स्ट अपिअरन्स या दोन्ही गोष्टी एकातच असलेल्या अंकांची: ल्यूक केजचा 'हिरो फॉर हायर' (जून १९७२), 'नोव्हा' (सप्टेंबर १९७६), 'सॅव्हेज शी-हल्क' (फेब्रुवारी १९८०). थोडे वापरलेले, पण पूर्ण अंक बघितलेत तर तुमच्या बजेटमध्ये बसावेत.

कोकणकडा:
पिंपळपान यांच्याशी सहमत. वाचायचे असतील तर सुटेच घ्या. ग्रेड केलेला अंक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद येतो. डबी फोडली की ग्रेड गेली. दुकानदाराला विचारून पानं उलटून बघा. मधलं पान पिनांना धरून आहे ना, कूपन कापलेलं नाही ना? १९७४-७५च्या मार्व्हल अंकांत वाचकांनी कापून जमवायचे स्टॅम्प असत. वुल्व्हरिन या हिरोमुळे गाजलेल्या 'हल्क' क्र. १८१चे कितीतरी अंक त्यापायी फाटके आहेत. मुखपृष्ठ कितीही चकचकीत असो, आत भोक असेल तर किंमत पडते.

आणि १९९१चा 'एक्स-मेन' क्र. १ कोणी दुर्मीळ म्हणून दाखवला तर पुढे चला. ऐंशी लाखांच्या वर प्रती निघाल्या होत्या.

सांजवात:
खूप आभार! शी-हल्कपासून सुरुवात करते. ठेवायचे कुठे? आमच्याकडे बेसमेंट आहे.

कोकणकडा:
बेसमेंट नको, दमट असतं. माळाही नको, उन्हाळ्यात तापतो. राहत्या खोलीतल्या कपाटात, मायलरच्या (पारदर्शक पॉलिएस्टर प्लास्टिकच्या) पिशवीत, मागे आम्लमुक्त पुठ्ठा घालून उभे ठेवा. साधा पुठ्ठा वापरलात तर त्यातलं आम्ल कागदात उतरून पान पिवळं पडतं.