मदत हवी आहे: जुना लॅटिट्यूड ई६४३० चार्ज होत नाही आणि फारच हळू चालतो

शेवंती:

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयात (दापोली तालुका) डेलचा लॅटिट्यूड ई६४३० हा लॅपटॉप आहे. मुंबईला असणाऱ्या एका सभासदांनी वाचनालयाला भेट दिलेला. आय५-३३२०एम प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. पुस्तकांची यादी, देवघेवीच्या नोंदी, अनुदानाचे कागद सगळं त्यावरच आहे. शिवाय दहावी-बारावीची मुलं फॉर्म भरायला येतात, तेव्हा त्यांनाही हाच उघडून देते.

पावसाळ्यापासून त्याची तब्येत बिघडली आहे. एक्सेलच्या रकान्यात नाव टाईप केलं की पूर्ण शब्द टंकून झाल्यावर पहिलं अक्षर दिसतं. बॅटरी शून्य टक्के, आणि शेजारी ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’. त्यामुळे लाईट गेली की लॅपटॉप तिथल्या तिथे बंद. परत चालू केला की तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते, आणि मग अर्ध्या वेबसाईट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून उघडतच नाहीत.

तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात दाखवला. त्यांनी चार्जरला मीटर लावला, माझ्यासमोर १९.५ व्होल्ट दिसले. म्हणाले चार्जर ठीक आहे, मदरबोर्ड गेलाय, नवीन घ्या. पूर्वी चालू करताना इंग्रजीत चार्जरबद्दल एक सूचना यायची आणि एफ१ दाबलं की पुढे जायचं. ती सूचना त्यांनी कुठेतरी सेटिंगमध्ये बंद करून दिली. चार्जर मूळचा नाही, आधीचा गेल्यावर बाजारातून घेतलेला बिनकंपनीचा आहे.

कृपया ‘नवीन घ्या’ हा सल्ला नको. वाचनालयाकडे तेवढे पैसे नाहीत हे एक कारण झालंच. पण मला मनापासून वाटतं की हे यंत्र अजून टाकण्यासारखं झालेलं नाही. बिजागऱ्या घट्ट आहेत, कीबोर्डचं एकही बटण गेलेलं नाही, पडद्यावर डाग नाही. आधी कशाला हात घालावा आणि कुठे खर्च करू नये, एवढं जाणकारांनी सांगावं. स्क्रू ड्रायव्हर हाताळायची मला भीती नाही. आगाऊ धन्यवाद.

पक्कड:

शेवंतीताई, मदरबोर्डचं नाव एवढ्यात घेऊ नका. तुम्ही लिहिलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ती बंद केलेली सूचना.

या लॅपटॉपच्या चार्जरचं टोक नीट बघा. बाहेरून गोल नळी, आणि आत मध्यभागी केसाहून जरा जाड अशी एक पिन. वीज नळीच्या आतल्या आणि बाहेरच्या पत्र्यातून येते. मधली पिन विजेसाठी नाहीच. चार्जरमध्ये एक छोटी चिप असते, ती या पिनेतून लॅपटॉपला सांगते की मी इतक्या वॅटचा आहे. पिन वाकली, तुटली, वायर आतून सुटली किंवा नकली चार्जरमधली चिप बंद पडली, तर लॅपटॉपला चार्जर ओळखता येत नाही. मग तो दोन गोष्टी करतो. बॅटरी चार्ज करणं थांबवतो आणि प्रोसेसरला सगळ्यात खालच्या वेगावर बांधून ठेवतो, म्हणजे अनोळखी चार्जरवर भार पडायला नको. मीटरवर १९.५ व्होल्ट येणारच, कारण मीटर ही पिन तपासतच नाही.

तुमची दोन्ही लक्षणं यात बसतात. खात्री करायला टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूचा वेग बघा. या प्रोसेसरचा मूळ वेग २.६ गिगाहर्ट्झ आणि गरज पडली तर ३.३ पर्यंत जातो. काम चालू असताना तो १.२ च्या आसपास अडकलेला दिसला तर समजायचं. दुसरं, चालू करताना एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगमध्ये जा. जनरलखाली बॅटरी इन्फर्मेशनमध्ये चार्जरचा प्रकार लिहिलेला असतो. तिथे ६५ किंवा ९० वॅट दिसायला हवं. आणि तिथेच पोस्ट बिहेव्हियरमध्ये अडॅप्टर वॉर्निंग्ज परत चालू करा. दुखणं सांगणारी सूचना बंद करून दुखणं जात नाही, आणि पुढच्या वेळी तीच तुम्हाला सावध करेल.

दर्यावर्दी:

पक्कड यांच्याशी सहमत. मी मालवणचा, त्यामुळे खाऱ्या हवेचं थोडं सांगतो. आमच्याकडे लॅपटॉप महिनोन्‌महिने कपाटात पडून राहिला की हमखास काहीतरी होतं, रोज तास-दोन तास चालणारा मात्र टिकतो. आतल्या उबेने दमट हवा साचत नाही. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत वाचनालय बंद असेल तेव्हाही मधूनमधून कोणीतरी चालू करायला हवा.

तारीख मागे जाते ते सीमॉस सेलमुळे. आत सीआर२०३२ नावाचा नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल असतो. मोठी बॅटरी रिकामी आणि हा सेलही संपलेला, म्हणून लाईट गेली की घड्याळाला आधारच उरत नाही. वेबसाईटचंही त्यामुळेच. सुरक्षा प्रमाणपत्राला ठराविक तारखांची मुदत असते, तुमचा लॅपटॉप त्या मुदतीच्या बाहेरचं वर्ष सांगतो म्हणून ब्राउझर अडवतो. लॅपटॉपचा सेल बहुधा दोन बारीक वायरी आणि कनेक्टर जोडलेला मिळतो, तसाच मागा. घड्याळाचा सुटा सेल आणून त्यावर वायरी डाग देऊन जोडायचा प्रयत्न कुणाला करू देऊ नका, लिथियम सेलला डाग देणं धोक्याचं आहे.

शेवंती:

दोघांचेही आभार. सगळं तपासलं. वेग १.१८ ते १.२० मध्येच थांबलेला आहे, काहीही उघडलं तरी वर जात नाही. बायोसमध्ये चार्जरच्या जागी ‘अननोन’ आहे. मोबाईलच्या टॉर्चखाली चार्जरचं टोक बघितलं तर मधली पिन एका बाजूला कलून नळीला टेकली आहे.

शेजारच्या शाळेत त्याच जातीचा, पण वेगळ्या मॉडेलचा लॅपटॉप आहे. त्याचा ९० वॅटचा चार्जर लावून बघू का? चालेल का?

पक्कड:

टोक तेच, व्होल्ट १९.५ तेच, तर बिनधास्त लावा. वॅट जास्त असले तरी अडत नाही, लॅपटॉप लागेल तेवढंच घेतो. कमी असले तर अडतं. पिन सरळ करायच्या भानगडीत पडू नका, ती मुळाशी कमजोर झालेली असते. सॉकेटमध्ये तुटून राहिली तर तो खर्च वाढेल. तसं झालंच तरी या मॉडेलमध्ये चार्जिंगचं सॉकेट मदरबोर्डवर डाग दिलेलं नसून वेगळ्या वायरीवर आहे, अख्खं बदलता येतं. व्यावसायिक वापरासाठी बांधलेल्या जुन्या यंत्रांचं हेच मला आवडतं. बिघडणारा प्रत्येक भाग सुटा काढता येईल असा विचार करून ती बांधलेली असतात.

शेवंती:

शाळेचा चार्जर लावला आणि बॅटरी चार्ज व्हायला लागली! वेग २.९, ३.१ असा वर जातोय. बायोसमध्ये ९० वॅट दिसतं. सूचना परत चालू करून ठेवली. आता आमच्यासाठी मूळ कंपनीचा चार्जर मागवते.

पण नवीन प्रश्न आला. थोडं काम केलं की पंखा जोरात घरघरतो, डाव्या बाजूने गरम हवा अगदी मंद येते आणि मग एकदा आपोआप बंद पडला. आधी असं होत नव्हतं.

पक्कड:

आधी होत नव्हतं कारण प्रोसेसर बांधलेला होता, तापायला वावच नव्हता. आता तो पूर्ण ताकदीने चालतोय आणि उष्णता बाहेर पडायला वाट नाही. एचडब्ल्यूइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम टाकून तापमान बघा. या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०५ अंश आहे. साध्या टायपिंगला ९० च्या वर जात असेल तर साफसफाईची वेळ टळून गेली आहे.

मंद हवा येते यावरून सांगतो, पंख्याच्या पात्यांवर नव्हे, पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये कचरा बसलाय. बाहेरून फुंकर मारली तर तो आत ढकलला जातो. खालचं झाकण काढावं लागेल. मोजके स्क्रू आहेत, आणि या मॉडेलची मालकाची पुस्तिका कंपनीच्या साईटवर मिळते, त्यात क्रमाने चित्रं आहेत. चार्जर काढा, मोठी बॅटरी काढा, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून ठेवा म्हणजे उरलीसुरली वीज जाईल. मग झाकण. हीटसिंकचे (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाचे) स्क्रू एकदम एकेक पूर्ण सोडू नका, समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत जा. प्रोसेसर चिपेवर एका बाजूने दाब आला तर तिचा कोपरा उडू शकतो.

प्रोसेसर आणि हीटसिंकमधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असेल. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ सुती कापड, दोन्ही पृष्ठभाग चकचकीत दिसेपर्यंत पुसा. नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी पुरते. ब्लोअर मारणार असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेने तो भन्नाट फिरला तर बेअरिंग खराब होतं. झाकण उघडलेलंच आहे तर सीमॉस सेलही तेव्हाच बदला. आणि रॅमच्या कांडीचे सोनेरी टोक पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच पुसून घ्या, किनाऱ्यावर त्यावर काळपट थर चढतोच.

उत्तररात्र:

धागा मनापासून वाचतोय, वाचनखूण साठवली. माझाही याच पिढीतला लॅपटॉप आहे म्हणून दोन गोष्टींची भर.

रॅमला दोन खाचा असतात, तुमची एक बहुधा रिकामी असेल. ४ जीबीची डीडीआर३ कांडी टाका, ८ जीबी तुमच्या कामाला भरपूर. दुकानात डीडीआर४ देऊ करतील, तिची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही.

आणि खरा फरक पडेल तो एसएसडीने, म्हणजे फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्कने. त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फोने सध्याच्या हार्ड डिस्कची प्रकृती बघा. ‘रीअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग सेक्टर’ या दोन ओळी महत्त्वाच्या, त्या डिस्कवरच्या खराब झालेल्या किंवा वाचता न येणाऱ्या जागा मोजतात. शून्याच्या वर आकडे असतील तर आजच्या आज वाचनालयाची यादी पेन ड्राईव्हवर आणि कुणाच्या तरी मेलवर, दोन्हीकडे ठेवा. बाकी सगळं दुरुस्त होतं, गेलेला डेटा परत मिळवणं फार खर्चिक असतं.

शेवंती:

रविवारी दोघीजणींनी मिळून झाकण उघडलं. जाळीवर राखाडी धुळीचा थर होता, गोधडीच्या तुकड्यासारखा एकसंध निघाला. पेस्ट बदलली, सेल बदलला. आता यादीवर काम करताना तापमान ५५ ते ६२, आणि पंख्याचा आवाज ऐकायला कान द्यावा लागतो. लाईट गेल्यावर तारीखही जागेवर राहिली. पक्कड, तुमच्या एकेका ओळीचा उपयोग झाला.

बॅटरीचा अहवाल काढला (पॉवरसीएफजी बॅटरीरिपोर्ट). मूळ क्षमता ६०,००० आणि आताची २१,००० मिलीवॅट-तास. लाईट गेल्यावर काम जतन करून बंद करायला पुरते आहे, म्हणून सध्या नवीन घेत नाही.

हार्ड डिस्कवर मात्र पेंडिंग सेक्टर ४० दाखवतात. यादीच्या प्रती ठेवल्या. एसएसडी घ्यायचं नक्की. शेवटचे प्रश्न: विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही, मग काय टाकावं? आमची अर्धी यादी जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये आहे, तिचं काय होईल?

उत्तररात्र:

लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई आवृत्ती टाका. ८ जीबीवर हलकी चालते, एक्सेल-वर्डसारखं लिब्रेऑफिस सोबत येतं, मराठी टंकायचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून जोडता येतो. जुन्या फॉन्टची फाईल विंडोजमधून कॉपी करून मिंटमध्ये बसवली की यादी जशीच्या तशी दिसेल. पण तेवढ्यावर थांबू नका, हळूहळू युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्या फॉन्टमध्ये ‘पुस्तक’ दिसतं, पण फाईलमध्ये रोमन अक्षरंच असतात. फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडलं की निरर्थक अक्षरं दिसतात, आणि मराठीत शोधायला गेलं तर एक नोंद सापडत नाही. रूपांतर करणारे मोफत प्रोग्राम आहेत, फक्त तुमच्याच फॉन्टचं नाव त्यात आहे का ते बघा, आणि जोडाक्षरं व रफार नजरेखालून घाला, तिथे चुका होतात.

पक्कड:

एसएसडी २.५ इंची साटाच (सध्याच्या हार्ड डिस्कच्याच जोडणीची) घ्या, २५० जीबीची पुरे. हार्ड डिस्क बाजूने ब्रॅकेटसकट सरकून बाहेर येते, ब्रॅकेट जपून ठेवा, तोच नव्याला लागेल. विंडोज तसंच्या तसं कॉपी करणार असाल तर बायोसमधल्या साटा ऑपरेशनला (डिस्कशी बोलायची पद्धत ठरवणाऱ्या सेटिंगला) हात लावू नका, तिथे ‘रेड ऑन’ आहे तर तेच राहू द्या, नाहीतर निळा पडदा येईल. मिंट नव्याने टाकत असाल तर मात्र एएचसीआय करा.

आणि त्याच बायोसमध्ये बॅटरी चार्ज कॉन्फिगरेशनला ‘प्रायमरीली एसी यूज’ निवडा. तुमचा लॅपटॉप दिवसभर चार्जरवर असतो, पूर्ण भरून ठेवल्याने बॅटरी लवकर म्हातारी होते, या सेटिंगने ती जरा कमी भरते.

पत्र्याला हात लागला की चुणचुण जाणवते का? जाणवत असेल तर वाचनालयाच्या सॉकेटचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. पावसाळ्यात गडगडाट सुरू झाला की चार्जर सॉकेटमधून काढा, बॅटरीवर तेवढं काम निघेल.

शेवंती:

चुणचुण जाणवते, उजव्या मनगटाला. मला वाटायचं सगळ्यांनाच जाणवते. वायरमनला सांगते. काढलेली हार्ड डिस्क केसमध्ये घालून बॅकअपला वापरू का?

पक्कड:

नको. पेंडिंग सेक्टर दिसलेल्या डिस्कवर बॅकअप ठेवू नये. यादी आणि कागद एसएसडीवर नीट उघडताहेत याची खात्री झाली की तिच्यावर नाव-तारीख लिहून थोडे महिने कोरड्या डब्यात ठेवा. काही राहिलं असेल तर त्यात सापडेल. त्यानंतर सभासदांची माहिती पुसूनच ई-कचऱ्यात द्या. बॅकअपसाठी नवा पेन ड्राईव्ह घ्या.