डोरोथी पोर्टर यांनी ड्यूईचे वर्गांक बदलले म्हणजे नेमकं काय केलं?

तालिका_पुणे: एम.लिब.च्या (ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीच्या) सेमिनारसाठी विद्यापीठ ग्रंथालयांतल्या सुरुवातीच्या स्त्रिया हा विषय घेतलाय. १८८७चा कोलंबिया कॉलेजातला ग्रंथालयशास्त्राचा पहिला वर्ग (२० पैकी १७ विद्यार्थिनी) सगळीकडे सापडतो, पण मला प्रत्यक्ष काम दाखवायचंय. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हॉवर्ड विद्यापीठात ग्रंथपाल डोरोथी पोर्टर यांनी ड्यूई दशांश वर्गीकरणाच्या वर्गांकांत (पुस्तकाचा विषय सांगणाऱ्या आकड्यांत) काय बदललं?

शेल्फलिस्ट: निवड उत्तम. १९१४ मध्ये जेसी मूरलंड यांनी हॉवर्डला दिलेला तीन हजारांवर ग्रंथ-पुस्तिकांचा संग्रह १९३० साली पोर्टर यांच्या हाती आला. तेव्हा कृष्णवर्णीयांचं कुठलंही पुस्तक ३२५ (वसाहत, स्थलांतर) नाहीतर ३२६ (गुलामगिरी) इथे टाकायची रीत होती. कृष्णवर्णीय कवी जेम्स वेल्डन जॉन्सन यांच्या कवितासुद्धा ३२५ मध्ये! लेखकाचा वंश पाहून वर्गांक देणं पोर्टर यांनी बंद केलं. कविता साहित्यात, वैद्यक वैद्यकात, संगीत संगीतात. लुला ॲलन, एडिथ ब्राउन, लुला कॉनर आणि रोझा हर्शॉ या सहकारी स्त्रियांच्या कामावर हे उभं राहिलं; स्लाइडवर त्यांची नावं हवीतच.

दाखलअंक: प्रात्यक्षिकासाठी एकच कवितासंग्रह घ्या. ३२५चा ८११ (अमेरिकन कविता) केला, की नवा बोधांक (फळीवरची जागा सांगणारा, वर्गांक धरून बनलेला क्रमांक) पुस्तकाच्या कण्यावरच्या लेबलवर, आतल्या पॉकेटवर, मुख्य तालिकापत्रावर (कॅटलॉगमधल्या कार्डावर) आणि शीर्षक-विषयाच्या प्रत्येक जादा पत्रावर चढतो. शेल्फ लिस्टचं (फळीवरच्या क्रमाने लावलेल्या पत्रांच्या यादीचं) पत्र तर उचलून नव्या जागी लावावं लागतं. दाखल अंक (पुस्तक ग्रंथालयात आल्यावर मिळणारा नोंदणी क्रमांक) तोच राहतो. गडबड इथेच होते: शेल्फ लिस्ट राहिली तर साठा पडताळणीत पुस्तक गहाळ दिसतं, एखादं जादा पत्र राहिलं तर वाचक जुन्या फळीवर शोधून रिकाम्या हाती जातो. हे हजारो पुस्तकांना गुणा, म्हणजे कामाचा आवाका कळेल.

तालिका_पुणे: पण मग संग्रह विखुरला नाही का?

शेल्फलिस्ट: नाही. संग्रह स्वतंत्रच ठेवला होता, त्यामुळे विषयवार मांडणी त्याच्या आतच झाली. खरेदीला पैसे जवळजवळ नव्हते. प्रकाशकांना, ग्रंथविक्रेत्यांना पत्रं लिहून त्यांनी पुस्तकं मागवली. १९४६ मध्ये विद्यापीठाने आर्थर स्पिंगार्न यांचा संग्रह विकत घेतला. पोर्टर १९७३ मध्ये निवृत्त झाल्या.

दाखलअंक: शेवटी आपल्याकडचं एक उदाहरण जोडा. दलित कवीचा मराठी संग्रह ८९१.४६१ (मराठी कविता) मध्येच हवा, ३०५.५ (सामाजिक वर्ग) मध्ये नव्हे. दलित साहित्य शोधणाऱ्यासाठी विषयशीर्षकाची वेगळी नोंद करा; त्यासाठी वर्गांकाला हात लावू नका.